वैनी, मी आणि चार बंदरं

भूमध्य समुद्र कसा असतो, असं परत आल्यापासून मला उदगीरमध्ये बरेच जण विचारतात. मी सांगायला बसते, पण समुद्राच्या अगोदर वैनीच तोंडात येतात. इथंही तसंच होणार. मी जे पाहिलं ते वैनींच्या सोबतीनं पाहिलं, आणि त्यांना वगळून त्यातलं काहीच मला सांगता येत नाही.

वैनी म्हणजे शिवगंगाबाई, आमच्या शेजारच्या. त्यांच्या मालकांना सगळी गल्ली अण्णा म्हणायची. मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, त्यांचं डाळीचं दुकान होतं. मागच्या वर्षी अण्णा गेले आणि तेवढ्या मोठ्या घरात वैनी एकट्या राहिल्या. एकुलती एक लेक उमा इटलीत, जिनोआ नावाच्या बंदरात, एका जहाज कंपनीच्या ऑफिसात नोकरीला आहे. तिथल्याच पावलोशी तिनं लग्न केलं. मी सरकारी दवाखान्यात सिस्टर होते, नुकतीच रिटायर झालेली. उमा माझ्याच हातावर जन्मली, म्हणून ती मला मावशी म्हणते. तिचा फोन आला, "मावशी, आई एकटी येणार नाही. तुम्ही सोबत आलात तरच येईल." माझा मुलगा नांदेडला असतो, त्याच्या संसारात माझ्यावाचून काही अडत नाही. मी हो म्हणाले.

उदगीरहून

ते वर्ष पाण्याचं नव्हतं. लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं आणि आमच्या गल्लीत कधी टँकर यायचा, कधी टँकर येणार असा नुसता निरोप यायचा. निघायच्या आदल्या दिवसापर्यंत वैनींचं मन होईना.

"आपण तिकडं समिंदर बघत बसावं आन हितं बाया घागरीसाठी भांडून राहिल्यात. बरं दिसतं का शोभा ते?"

"तुम्ही हितं बसल्यानं टँकर लवकर येणार हाय का?" मी विचारलं.

त्यांनी पिशवी भरायला घेतली. ज्वारीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी, आमटीला लावायचा येसर, वाटेत खायला धपाटी. वैनी लिंगायत घरच्या, अंडंसुद्धा त्यांच्या उंबऱ्याच्या आत कधी आलं नाही. माझं तसं नाही. मी बिलोली तालुक्यातली, आमचं घर बौद्ध, आणि आमच्याकडे मासळी मिळाली की त्या दिवशी सण असायचा. समुद्राकाठच्या गावांना जाऊन मासे खायचे नाहीत, हे मला पटण्यासारखं नव्हतं. या एका गोष्टीवरून आमची प्रवासभर चेष्टा चालली.

हैदराबादहून निघून रोमला विमान बदलायचं होतं. तिथल्या तपासणीत वैनींना अडवलं. त्यांच्या गळ्यात इष्टलिंग असतं, चांदीच्या छोट्या पेटीत, दोऱ्यात ओवलेलं. यंत्र वाजलं तशी तिथल्या तरुण पोरीनं ते काढून ट्रेमध्ये ठेवायची खूण केली. वैनींनी दोन्ही हातांनी पेटी छातीशी धरली.

"हे निघत न्हाई म्हणून सांग तिला. मेल्यावरबी निघत न्हाई."

माझं इंग्रजी दवाखान्यातलं. ताप, रक्तदाब, सुई, घाबरू नका, एवढ्यात भागणारं. त्यात हे कसं बसवावं? मी म्हणाले, "गॉड. इनसाइड. ऑलवेज." ती पोरगी गोंधळून आत गेली आणि एका वयस्कर बाईला घेऊन आली. मागे रांग वाढत चालली होती, लोक घड्याळाकडे बघत होते, आणि वैनी भिंतीसारख्या उभ्या. त्या बाईनं कापडाची एक छोटी पट्टी आणली, हात पुढे करून डोळ्यांनीच परवानगी मागितली आणि वैनींच्या गळ्यात होती तशीच ती पेटी पुसली. पट्टी स्फोटकं तपासायच्या यंत्रात घातली. यंत्र गप्प. मग तिनं वैनींचा सरकलेला पदर स्वतःच नीट केला आणि जा म्हणून मान हलवली.

"बाई चांगल्या घरची दिसती," वैनी पुढे जाता जाता म्हणाल्या.

जिनोआ

जिनोआत डोंगर थेट समुद्रात उतरलाय आणि गाव त्या उतरणीला चिकटून बसलंय. खालच्या रस्त्यावरून वरच्या रस्त्यावर जायला चक्क सरकारी लिफ्ट आहे. आपण बसला हात करतो तशी तिथली माणसं भाजीच्या पिशव्या घेऊन लिफ्टची वाट बघत उभी असतात. बंदराजवळच्या जुन्या गल्ल्या इतक्या अरुंद की दोन्ही हात पसरले तर दोन्ही भिंतींना बोटं लागावीत. वर आभाळाची एक चिंधी आणि तिच्या आडवे वाळत घातलेले कपडे. वैनींना ते बघून हायसं वाटलं. परदेश म्हणजे काचेच्या इमारती, अशी त्यांची भीती होती.

पहिल्याच दुपारी उमानं आम्हाला एका जुन्या खानावळीत नेलं. लाकडाची भट्टी, तिच्यात जिलबीच्या परातीएवढी तांब्याची परात, आणि परातीत पिवळं, पातळ, कडेनं करपलेलं काहीतरी. वैनींनी आधी वास घेतला, मग कोपरा मोडून जिभेवर ठेवला.

"हरभऱ्याचं पीठ हाय हे."

"फरिनाता म्हणतात आई याला. पीठ, पाणी, तेल आणि मीठ. बाकी काही नाही."

"पिठलं भाजून ठेवलंय म्हण की." वैनींनी दुसरी प्लेट मागवली. "डाळ जुनी वाटती यांची. अण्णांच्या दुकानची असती तर रंग आणखी आला असता."

त्या दिवशी आम्हाला हे ठाऊक नव्हतं की हरभऱ्याचं पीठ त्या किनाऱ्यावर आमच्या पुढेपुढेच चाललंय. जाऊ त्या बंदरात वेगळ्या नावानं, वेगळ्या आकारात ते भेटत राहिलं, आणि धपाट्यांची पिशवी जवळजवळ तशीच राहिली.

दुसरा आमच्या ओळखीचा निघाला तो खलबत्ता. पावलोच्या घरी तो संगमरवरी होता. पावलो बंदरात मोठी जहाजं ओढणाऱ्या छोट्या बोटीवर काम करतो. उंच, लाजरा, फारसं न बोलणारा. त्याला एकच मराठी वाक्य येतं, "जेवलात का?" आणि ते तो सकाळी उठल्यावरही विचारतो, झोपायला जातानाही. त्यानं हिरव्या पानांची चटणी कुटली. पानांना तुळशीचा भास होईल असा वास, त्यात लसूण, चीज, तेल. वैनी त्याच्या कुटण्याकडे थोडा वेळ बघत राहिल्या, मग बत्ता त्याच्या हातातून घेऊन मनगट कसं फिरवायचं ते दाखवलं. सासू-जावयाची ओळख झाली ती तिथं.

पावलोनं भिंतीवरच्या नकाशात उदगीर शोधलं. सापडेना.

"सापडंल की," वैनी म्हणाल्या. "जिल्हा झाला की सापडंल."

हे उमानं इटालियनमध्ये त्याला कसं समजावलं कोण जाणे. उदगीर जिल्हा होणार ही बातमी आमच्याकडे दर काही वर्षांनी येते, पेढे वाटायची तयारी होते आणि बातमी विरून जाते. मी नर्सिंगला होते तेव्हा उस्मानाबादेतून लातूर वेगळं झालं होतं. तेव्हापासून वैनींची खात्री आहे की पुढचा नंबर आपलाच.

एका सकाळी वैनी आंघोळीला गेल्या असताना उमानं मला आतली एक खोली दाखवली. समुद्राकडे खिडकी, उंचीला कमी पलंग, कोपऱ्यात पूजेसाठी लाकडी पाट. भिंतीवर अण्णांचा फोटो.

"पाहुण्यांची खोली छान केलीस," मी म्हणाले.

"पाहुण्यांची नाही मावशी. आईची." ती दाराला टेकून उभी राहिली. "तिला आता तिकडे एकटं ठेवायचं नाही. मी विचारलं तर ती एका शब्दात नाही म्हणेल आणि तो विषय संपेल. तुम्ही बोला. ती तुमचं ऐकते."

वैनी माझं ऐकतात हे खरं होतं, आणि ते कशामुळे हे उमाला ठाऊक नव्हतं. मी उदगीरला नवी आले तेव्हा वैनींच्या सासूबाईंना इंजेक्शन द्यायला रोज त्यांच्या घरी जात असे. सासूबाई मला चहा द्यायच्या, पण कोनाड्यात वेगळ्या ठेवलेल्या कपातून. मी तो पिऊन, विसळून परत कोनाड्यात ठेवायची. असं काही दिवस चाललं. मग एका सकाळी नवी सून असलेल्या वैनींनी चहा केला, मला घरातल्या स्टीलच्या पेल्यात दिला, आणि स्वतः सासूसमोर बसून कोनाड्यातल्या त्या कपातून चहा प्यायल्या. दुसऱ्या दिवशी तो कप कोनाड्यात नव्हता. तेव्हापासून आम्ही एकमेकींच्या.

आता त्यांच्या लेकीनं मला सांगितलं होतं, आईला इथं राहायला तयार करा म्हणून. म्हणजे मी माझ्या हातानं माझ्या भिंतीपलीकडचं घर बंद करायचं.

"बोलते," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

मार्सेय

उमानं रजा घेतली होती. आम्ही तिघी फ्रान्समधल्या मार्सेयला निघालो. रेल्वे इतकी समुद्राच्या कडेनं जाते की खिडकीतून हात बाहेर काढला तर ओला होईल असं वाटतं. बोगदा आला की काळोख, संपला की एकदम निळं. वैनी प्रत्येक बोगद्यानंतर नव्यानं खिडकीकडे वळायच्या.

मार्सेयच्या जुन्या बंदरात सकाळी मासेवाल्या बाया धक्क्यावरच दुकानं मांडतात. बोट मागे लागलेली, मासे पुढे पसरलेले, काही अजून उड्या मारणारे. त्यांचा आवाज आणि हात कमरेवर ठेवून उभं राहण्याची तऱ्हा थेट आमच्या आठवडी बाजारातली. मी एका टपरीवर मासे घातलेलं दाट, केशरी सूप घेतलं. वैनी माझ्याकडे पाठ करून बाकावर बसल्या.

"खा निवांत. मी जहाजं बघते."

"वास येत नाही ना?"

"येतो की. पण तुझं तोंड दिसत न्हाई ते बरंय. लई खुशीत खातीस."

दुपारी आम्ही तिथल्या एका जुन्या बाजारात गेलो. समुद्रापलीकडून, अल्जीरियातून येऊन राहिलेल्या लोकांची तिथं दुकानं आहेत. पोत्यांत मिरी, जिरं, वाळलेल्या मिरच्या. एका म्हाताऱ्या दुकानदाराकडे साबणाच्या मोठमोठ्या हिरवट वड्या होत्या. वैनी माझ्याकडे वळून म्हणाल्या, "साबण बघ शोभा, विटंएवढा." म्हाताऱ्यानं मान वर केली आणि म्हणाला, "साबून." वैनींनी त्याच्याकडे पाहिलं. मग पायाखालची फरशी आणि चारी भिंती दाखवत म्हणाल्या, "दुकान?" "दुक्कान," तो म्हणाला. "हिसाब," वैनी बोटं मोजून दाखवत म्हणाल्या. "हिसाब, हिसाब." तो हसायला लागला.

निजामाच्या राज्यात आमच्या बोलीत जे उर्दू शब्द शिरले, ते उर्दूत आधी अरबीतून आलेले, आणि अल्जीरियाच्या लोकांची भाषा अरबीच. पुण्यात माझ्या भाचीच्या सासरी त्याच शब्दांना हसतात. इथं समुद्राकाठी त्यांच्यामुळे वैनींना स्टूल मिळालं, पुदिन्याचा गोड चहा मिळाला, आणि म्हाताऱ्यानं साबणाची एक वडी कागदात बांधून हातात ठेवली. निघताना बाहेरच्या गाड्यावर तळलेल्या पिवळ्या चकत्या दिसल्या. वैनींनी एक तोंडात टाकली आणि नुसतं माझ्याकडे बघितलं. पुन्हा हरभरा.

मी त्या दिवशी बोलणार होते. चहा पिताना बोलू, मग धक्क्यावर बसू तेव्हा बोलू असं ठरवत राहिले. पण धक्क्यावर त्या इतक्या खुशीत पाय हलवत बसल्या होत्या की मी नारळाच्या भावावरच काहीतरी बोलले.

नेपल्स

इटलीच्या दक्षिणेतलं नेपल्स आम्हाला दोघींना पहिल्या क्षणी आवडलं, कारण तिथं कुणीही हॉर्न वाजवायला लाजत नाही. गल्ल्यांतून स्कूटर चालतात, एकेका स्कूटरवर अख्खं कुटुंब. वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या बाया दोरीनं टोपली खाली सोडतात, खाली भाजीवाला तीत टमाटे घालतो, टोपली वर जाते. वैनी ते बघायला उभ्या राहिल्या. मी आणि उमा बोलत चार पावलं पुढे गेलो, मागे वळून पाहिलं तर वैनी नाहीत.

आधी वाटलं, इथंच असतील. मग उमा एका गल्लीत धावली, मी दुसऱ्या. मी हाका मारत होते, "वैनी, ओ वैनी," आणि काय होतंय ते मला कळेना. फळवाला गाडा सोडून माझ्याजवळ आला. एक बाई हात पुसत दारातून बाहेर आली. स्कूटरवरचा एक जण थांबला. सगळे विचारायला लागले, काय झालं, काय पाहिजे. मला वाटलं, किती भली माणसं. नंतर उमानं सांगितलं, त्यांच्या भाषेत 'व्येनी' म्हणजे 'ये'. मी अर्ध्या गल्लीला ये, ये म्हणून बोलावत सुटले होते.

त्याच माणसांनी शेवटी वैनींना शोधून दिलं. तळमजल्याच्या एका घराचं दार थेट गल्लीत उघडत होतं, आत खुर्चीवर वैनी आणि समोर एक म्हातारी. दोघींच्या मधे मटाराच्या शेंगांचा ढीग. दोघी सोलत होत्या. वैनींनी आम्हाला पाहून मांडीवरचे दाणे भांड्यात ओतले.

"हिला एकटीला उरकत नव्हतं. म्हटलं, तुमी याल मागं."

उमा उंबऱ्यावरच बसली, गुडघ्यांत तोंड घातलं आणि रडायला लागली. पहिल्यांदा वाटलं घाबरली असेल. पण ते रडणं थांबेना.

"बाबा गेले तेव्हा मी पोचले नाही," ती म्हणाली. "विमानतळावर बसून होते. तुम्ही सगळं उरकलं तेव्हा मी विमानतळावर बसून होते. आता तुझा फोन लागला नाही की मला तेच आठवतं. रोज."

वैनी उठल्या आणि तिच्याजवळ खाली बसल्या. त्यांनी लेकीच्या पाठीवर हात ठेवला, तसाच, शेंगांच्या सालींनी हिरवा झालेला. म्हातारीनं पाणी आणलं, मग तीन छोट्या कपांत काळी कॉफी आणली. आमचं मराठी तिला कळत नव्हतं, पण तिनं आपल्या घराचं दार अर्धं लोटून घेतलं, येणाऱ्याजाणाऱ्यानं उमाला बघू नये म्हणून.

पालेर्मो

नेपल्सहून जहाजानं सिसिली बेटावर गेलो. सकाळी डेकवर आलो तर समोर मोठा डोंगर आणि त्याच्या पायथ्याशी पालेर्मो, उन्हात पिवळं पडलेलं. हवा कोरडी, वारा गरम. वैनी म्हणाल्या, "हे आपल्यासारखं हाय."

ते किती आपल्यासारखं आहे हे दुसऱ्या सकाळी कळलं. आम्ही जिच्याकडे खोली घेतली होती ती रोझालिया नावाची सत्तरीची बाई, जाड, गुडघेदुखीनं वाकलेली, चेहऱ्यानं कडक. सकाळी तिच्या अंगणात बादल्यांचा आवाज आला. बघतो तर ती नळाखाली बादली लावून उभी, बाजूला पिंप, बाटल्या, पातेली. त्यांच्या गल्लीत उन्हाळ्यात पाणी दिवसाआड येतं आणि गच्चीवरच्या टाकीला त्या दिवशी चढलं नव्हतं. वैनींनी पदर कमरेला खोचला आणि भरलेली बादली उचलून पिंपाकडे निघाल्या. मीही गेले. रोझालिया आधी नको नको म्हणाली. मग वैनींनी पिंपाच्या तोंडावर फडकं बांधलं, कचरा वर राहावा म्हणून, तेव्हा ती हात थांबवून बघत राहिली. पाहुण्या बायका हे काम आपल्या घरी रोज करत असल्या पाहिजेत, हे तिला कळलं असावं.

काम झाल्यावर तिनं आम्हाला पावात घातलेल्या हरभऱ्याच्या वड्या दिल्या. तिथं त्यांना पानेल्ले म्हणतात. आम्ही अंगणात बसून खाल्ल्या. उमा दोघींच्या मधे बसून एकीचं दुसरीला सांगत होती. रोझालियाची मुलगी जर्मनीत असते, तिला दोन मुलं आहेत, मोठं घर आहे.

"मग तू का न्हाई जात लेकीकडं?" वैनींनी विचारलं. "हितं ह्या वयात बादल्या उचलून राहिलीस."

उमानं विचारलं. रोझालियानं पावाचा चुरा कापडावरून झटकला आणि उत्तर दिलं. उमा हातातल्या पावाकडे बघत राहिली.

"काय म्हणाली?" वैनींनी विचारलं.

"म्हणाली, तिनं कधी बोलावलं नाही."

त्या दिवशी आम्ही जवळच्या मोंदेल्लोच्या किनाऱ्यावर गेलो. पांढरी वाळू, दोन्ही बाजूंना डोंगर, आणि पाणी इतकं स्वच्छ की कमरेइतक्या पाण्यातही आपली पायाची बोटं दिसतात. माझ्या थोरल्या भावानं मला लहानपणी विहिरीत पोहायला शिकवलं होतं. ती विहीर कधीचीच आटली, पण अंग विसरलं नव्हतं. मी सलवार-कुडत्यावरच आत गेले. पाणी थंड आणि खारट, आणि विहिरीसारखं खाली ओढत नाही, उलट वर उचलतं. मी उताणी होऊन तरंगले आणि ठरवलं, आता बाहेर गेले की बोलायचं.

वैनी पाण्याच्या कडेला बसल्या होत्या, लुगड्याचा काठ ओला. उमा आईस्क्रीम आणायला गेली होती. मी अंग पुसलं, त्यांच्याजवळ बसले.

"वैनी, तुम्ही उमाकडं राहा."

त्या समुद्राकडे बघत राहिल्या. "तिनं सांगितलं का तुला बोलायला?"

"हो."

"आन तुला काय वाटतं?"

मला खोटं बोलायचं नव्हतं. "मला वाटतं तुम्ही माझ्यासंगं परत चलावं. तरी म्हणते, राहा."

एक लाट आली, दोघींच्या पायांवरून गेली. वैनींनी लुगडं सावरलं नाही.

"ती खोली मी पहिल्याच दिवशी बघितली," त्या म्हणाल्या. "पाट बघितला, ह्यांचा फोटो बघितला. मला काय कळत न्हाई? मी वाट बघून राहिले होते, तू कधी बोलतीस म्हणून. मार्सेयला तू चहा पिताना तोंड उघडलंस आन नारळाचा भाव सांगितलास."

"नारळाचा भाव धक्क्यावर."

"तेच ते." मग त्या म्हणाल्या, "तू गप्पच बसली असतीस तर मी आले असते तुझ्यासंगं. तुझं मन मोडून मला हितं राहता आलं नसतं. आता तूच म्हणतीस तर ठीक हाय. घराला कुलूप लावलं तर घर रडत न्हाई. लेक रडती, ते मी त्या म्हातारीच्या दारात बघितलं."

इतकी वर्षं दवाखान्यात मी लोकांना धीर दिला, पण तिथं मी नुसती ओल्या वाळूत बोटं खुपसत राहिले. वैनींनी माझा ओला हात आपल्या मांडीवर घेतला आणि पदरानं पुसायला लागल्या, जसा पोरांचा पुसतात.

"घर विकायचं न्हाई," त्या म्हणाल्या. "दिवाळीला मी येणार. आन तू दर आठवड्याला मासे खायला नांदेडला जाणार, हे माझ्या कानावर आलं पाहिजे."

उमा आईस्क्रीम घेऊन आली तेव्हा वैनींनी तिला नुसतं सांगितलं, "त्या खोलीच्या खिडकीतून रात्री जहाजांचे दिवे डोळ्यावर येतील. पडदा जाड शिव." उमा उभीच राहिली. आईस्क्रीम तिच्या मनगटावरून ओघळायला लागलं.

परतीच्या वाटेवर

जिनोआतल्या शेवटच्या दिवसांत वैनी मला बाजारात पुढे पाठवायच्या आणि मग मुद्दाम मागे राहून स्वतः भाव करायच्या, बोटांवर. फरिनातावाला त्यांना ओळखायला लागला होता. त्यांनी त्याला पिठात ओवा घालून बघ म्हणून ओवा नेऊन दिला. त्यानं वास घेतला, कपाळाला आठ्या घातल्या, पण एक छोटी परात तशी करून पाहिली.

विमानतळावर मला पावलोनं सोडलं. वैनी आल्या नाहीत. त्या म्हणाल्या, दारातूनच निरोप घेऊ, तिथल्या गर्दीत मला जमणार नाही. दारात त्यांनी माझ्या पिशवीची चेन दोनदा उघडून दोनदा लावली. लिफ्टचं दार मिटताना त्यांचा फक्त हात दिसत होता.

विमानतळावर पावलोनं माझी पिशवी सरकत्या पट्ट्यावर ठेवली. त्याला काहीतरी बोलायचं होतं, मला दिसत होतं, पण शब्द नव्हते. शेवटी तो अगदी हळू म्हणाला, "जेवलात का?"

"जेवले बाळा," मी म्हणाले, आणि आत गेले.

उदगीरला पोचले त्याच्या दुसऱ्या सकाळी गल्लीत टँकर आला. मी रांगेत उभी राहिले. पुढच्या शेजारणीनं मागे वळून विचारलं, "सिस्टर, वैनीला तिकडंच ठेवून आलात म्हणं?"

"ठेवून न्हाई आले," मी म्हणाले. "पोचवून आले. नव्या नवरीसंगं पाठराखीण जाती का न्हाई, तशी गेलते."

ती हसली. मग माझ्याकडे नीट बघून तिनं विचारलं, "करमतं का वो तुम्हाला?"

"न्हाई करमत," मी म्हणाले, आणि घागर पुढे सरकवली.